कानाला मशीन लावलेली बाहुली विकायला काढायची आहे, कोल्हापुरातून सुरुवात कशी करू?

गंगावेशीची_मावशी

नमस्कार मंडळी. गंगावेशीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या मी बरीच वर्षं करते आणि ओळखीपाळखीत देते. आता त्यातल्या एका प्रकारच्या बाहुल्यांचा नीट धंदा उभा करावा असं मनानं घेतलंय, म्हणून इथं विचारते आहे.

माझी भाची दुसरीत आहे. तिच्या दोन्ही कानांना लहानपणापासून ऐकायचं मशीन आहे. वाढदिवसाला तिला बाहुली हवी होती, आणि बाहुलीलाही मशीन हवं होतं. मग दोघी मिळून बसलो. बाहुलीचा कान वेगळा कापून काजटाक्यानं लावला, कारण मशीन टेकायला कान उठून यावा लागतो. कानामागं फेल्टचा बाकदार तुकडा, त्याला बारीक पांढरी दोरी म्हणजे नळी, ती पाळीवरून पुढं आणून कानाच्या भोकाशी दोऱ्याची एक घट्ट गाठ. मशीनला कातडीच्या रंगाचा फेल्ट काढला तर भाचीनं तो बाजूला सारला. "मावशी, गुलाबी लाव. माझं गुलाबी आहे. आणि वेण्या वर बांध, नाहीतर दिसणार कसं?" त्या बाहुलीच्या वेण्या तशा वर बांधल्यात आणि रिबिनी पण गुलाबी आहेत.

ती बाहुली शाळेत गेली आणि तिथून मागण्या सुरू झाल्या. एका आईला चाकाच्या खुर्चीतला मुलगा हवा होता. एकीच्या मुलीच्या हनुवटीवर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग आहेत, तशी बाहुली हवी होती. ओठाचं ऑपरेशन झालेल्या पोराच्या आजीनं तर स्वतः येऊन टाका कुठं घालायचा ते बोटानं दाखवलं. काळ्यासावळ्या बाहुलीची मागणी तर इतकी आली, की आपण सगळी माणसं एवढी सावळी असताना दुकानात ती बाहुली का मिळत नाही याचंच मला नवल वाटायला लागलं. मी महाद्वार रोड आणि राजारामपुरीची दुकानं मुद्दाम फिरून पाहिली. बाहुल्या सगळ्या गोऱ्या, केस पिवळे, डोळे निळे.

अजून एक मनात आहे. आमच्या मामांच्या गावाला दिवाळी झाली की उसाच्या फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडतात. बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला येतात, पोरंबाळं बरोबर. त्या पोरांसारखी बाहुली कुणी करत असेल असं वाटत नाही. मला करायची आहे.

माझा विचार असा आहे, की सुरुवातीला पाच-सहा बाहुल्या ठरवाव्यात, मुलगे आणि मुली दोन्ही. प्रत्येकीबरोबर एक कार्ड द्यावं, त्यावर तिची चार ओळींची गोष्ट. साहित्य साधारण १४० रुपयांचं लागतं आणि एका बाहुलीला साडेतीन तास जातात. ४५० रुपये किंमत ठेवावी म्हणते. चालेल का?

एका दुकानात दाखवायला नेली होती. मालक म्हणाले, "छान आहे हो, पण हे कोण घेणार? एखाद्या संस्थेला देऊन टाका." मला दान करायचं नाही, विकायच्या आहेत. ज्या घरात असं मूल नाही त्याही घरात या बाहुल्या जाव्यात असं फार वाटतं. कुणीतरी असंही म्हणालं, की खेळण्यांना आता सरकारी शिक्का लागतो, नाहीतर दंड होतो. खरं आहे का हे? आणि ज्या मुलांवरून या बाहुल्या सुचल्या त्यांची नावं, फोटो कार्डावर टाकावेत का? आयांची हरकत नाही, पण मला बरोबर वाटत नाहीये.

जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

महाद्वार_काउंटर

ताई, मी खेळण्यांच्याच धंद्यात आहे, त्याच रस्त्यावर. तो दुकानदार मी नव्हे, पण तो असं का बोलला ते सांगू शकतो. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते वाढदिवसाच्या घाईत. "पाच वर्षांची मुलगी आहे, पाचशेच्या आत काहीतरी छान दाखवा." आम्ही हात घालतो तो माहितीच्या मालाला. नवीन वस्तू कुठल्या फळीवर ठेवायची हेच दुकानदाराला कळलं नाही तर ती आत गोदामात जाते.

म्हणून मशीनवाली एकटी बाहुली घेऊन जाऊ नका. सहाची जोडणी घेऊन जा. त्यात एकदोन अशा असू देत, ज्यांना चष्मा नाही, मशीन नाही, काही नाही, नुसत्या सावळ्या आणि झकास कपड्यातल्या. सगळ्या एका ओळीत बसल्या पाहिजेत. गिऱ्हाईक आधी कपडे बघतं. तुमच्याकडं शिलाईचा हात हाय, तर खणाचं परकर-पोलकं घाला, पोराला छोटा फेटा बांधा. खणाकडं बघून आई बाहुली उचलते, मग तिला मशीन दिसतं, मग पोरगी विचारते "हे काय?" आणि तिथंच विक्री होते. हे मी रोज बघतोय. बाहुली हातात गेली की परत फळीवर क्वचितच येते.

व्यवहाराचं: सुरुवातीला माल जाकडावर ठेवावा लागेल. विकला तर पैसे, नाहीतर परत. त्यासाठी तारीख आणि नग लिहून सही घ्या, ओळखीचा असला तरी घ्या. दुकानदार पस्तीस ते चाळीस टक्के धरतो. पिशवी पारदर्शक आणि बंद हवी, आमच्या रस्त्यावरची धूळ तुम्हाला माहिती आहे. आणि पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, छापील किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी नंबर हे सगळं पाहिजे. वजनमापेवाले तेच पहिलं बघतात.

---

उद्यमनगरकर

शिक्क्याबद्दल सांगतो, कारण यात अर्धवट माहितीवर बरेच जण फसतात.

केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० सालचा आहे आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोचा आयएसआय मार्क लागतो. बॅटरी किंवा वीज नसलेल्या खेळण्यांचं मानक आयएस ९८७३. कापडी बाहुलीही त्यात येते. म्हणजे ज्यानं तुम्हाला सांगितलं ते खरं आहे.

पण हस्तकलेच्या कारागिरांना यात सूट आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरानं स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना हा आदेश लागत नाही. ती नोंद झाली की कारागीर ओळखपत्र मिळतं, त्याला पहचान कार्ड म्हणतात. तुमच्यासाठी तोच रस्ता आहे. बाहुल्या-खेळणी हा त्यांच्या यादीतला प्रकार आहे. उद्या चार बायका तुमच्याकडे शिवायला बसल्या तर त्यांचीही कार्डं काढून घ्या, आणि सूट कुठवर पोचते ते त्याच कार्यालयात विचारून ठेवा. मोठ्या प्रमाणावर गेलात, यंत्रं आणि कामगार आले, की मग मानक ब्यूरोच्या परवान्याचा मार्ग धरायचा.

काही जण पाकिटावर "शोभेची वस्तू" असं छापून मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. तुमची बाहुली पोरांनी खेळायचीच आहे, आणि ती तशीच सुरक्षित असली पाहिजे.

सूट मिळाली तरी मानकातल्या गोष्टी पाळाच. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाईल अशा खेळण्यात सुटून येईल असा लहान तुकडा चालत नाही. तपासणीत त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी असते. तुकडा तिच्यात पूर्ण मावला की तो गिळण्याजोगा धरतात. तेव्हा डोळ्यांना बटण किंवा मणी नको, भरतकामच. तुमचं ते कानामागचं मशीन चिकटवून चालणार नाही, चारी बाजूंनी दुहेरी दोऱ्यानं शिवा आणि पोरं ओढतात तसं स्वतः ओढून बघा. पोटात भरायचा कापूस नवाच घ्या, गादीवाल्याकडचा जुना पिंजलेला नको.

बाकी कागद सोपे आहेत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. वस्तूंच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही, मात्र राज्याबाहेर माल पाठवायला लागलात की सीएला आधी विचारा. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या आणि खेळणी बनवणारे येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत आणि पहिला टप्पा एक लाखापर्यंत कर्ज, व्याज पाच टक्के. अर्ज आपल्या भागातल्या सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर होतो.

---

कागलची_आई

मावशी, तुमच्या बाहुलीबद्दल वाचलं आणि पोराला वाचून दाखवलं. त्याला चाकाची खुर्ची आहे, पाचवीत आहे. त्याचा पहिला प्रश्न, "चाकं फिरतात का?"

तेवढंच सांगायला लिहिते आहे. खुर्ची करणार असाल तर चाकं फिरू देत. कापडाची गोल चकती शिवून बाजूला लावली तर ती खुर्ची राहत नाही, नुसतं चित्र होतं. आमच्या पोराची खुर्ची म्हणजे त्याची गाडी आहे. मागच्या चाकांच्या आऱ्यांत त्यानं रंगीत नळ्या घातल्यात, सायकलला घालतात तशा. पुढची छोटी चाकं पावसाळ्यात चिखलात रुततात, तेव्हा ती उचलून मागच्या दोन चाकांवर कसं पुढं जायचं हे त्याचं तोच शिकला. गल्लीत क्रिकेटला विकेटकीपर असतो. खुर्चीच्या मागं पिशवी टांगलेली असते, तिच्यात टेनिसचा चेंडू आणि सगळ्यांच्या चपला. बाहुल्याला ती पिशवी द्याच, तो दोनदा म्हणाला.

पाकिटावर "दिव्यांग बाहुली", "विशेष बाहुली" असं काही छापू नका, ही माझी विनंती आहे. लोक कौतुकानं घेतील आणि फडताळात ठेवतील. आम्हाला अशी खूप बक्षिसं येतात. येणारा पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो, माझ्याकडं बघून "देव बघतोय" म्हणतो आणि पोराला त्याचं नावसुद्धा विचारत नाही. तुमच्या बाहुल्याला नाव असू दे, आडनाव असू दे, त्याच्या आवडीनिवडी असू देत.

तुम्ही उचगावला जाऊन या. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था १९८४ सालापासून आपल्या कोल्हापुरात आहे. तिथं दान द्यायला जाऊ नका, विचारायला जा. मुलं आणि मोठी झालेली मुलं खुर्चीबद्दल, कुबड्यांबद्दल, कॅलिपरबद्दल (पायाला बांधायचा आधार) जे सांगतील ते तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. आणि जमल्यास शिवणकाम येणाऱ्या तिथल्या मुलींना काम द्या, बाजारभावानं.

---

कुंचलेवाली_राजारामपुरी

मी लहान मुलांची चित्रकार्डं आणि कोडी करते, म्हणजे चित्रं मी काढते आणि छपाई बाहेरून करून घेते. याच वाटेवर बरीच चालले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं बोलू, कारण बायकांच्या धंद्यात तेच मागं राहतं. साहित्य १४०. साडेतीन तासांची मजुरी तुम्ही कुठंच धरलेली नाही. तासाला निदान ७० रुपये धरा, ते झाले २४५. पाकीट, कार्ड, ये-जा मिळून ४०. बेरीज ४२५. तुम्ही ४५० ला विकणार आणि दुकानदार त्यातले चाळीस टक्के घेणार, म्हणजे हातात २७०. हा धंदा सहा महिन्यांत बंद पडेल आणि लोक म्हणतील की अशा बाहुल्या चालत नाहीत. चालत नाहीत असं नसतं, किंमत चुकलेली असते. किंमत ७५० ठेवा. दुकानातून ४५० येतील, स्वतः विकलीत तर पूर्ण ७५०. आणि वेळ कमी करा. एकेक बाहुली पूर्ण करत बसू नका. एका दिवशी वीस अंगं कापा, दुसऱ्या दिवशी वीस चेहरे भरा. माझ्या ओळखीची शिलाई करणारी एक बाई याच पद्धतीनं अडीच तासांवर आली. म्हणजे मजुरी १७५ आणि एकूण खर्च ३५५. मग दुकानातून विकूनही जवळजवळ शंभर रुपये सुटतात, त्यातून पुढचं कापड येतं.

कापडाबद्दल. चहात किंवा कातात रंगवलेला मांजरपाट दिसतो सुंदर, पण मूल बाहुली तोंडात घालतं आणि आई ती बादलीत बुडवते, रंग उतरतो. त्यापेक्षा इथं जवळच गांधीनगरला ठोक बाजारात जाऊन पॉपलीन घ्या. बदामी, कॉफी, चॉकलेटी, पिकलेल्या चिंचेची छटा सगळं मिळतं. चार छटा तरी ठेवा. एकच "सावळी" ठेवू नका, आपल्या एका घरात चार रंगांची माणसं असतात. घेतलेला प्रत्येक तुकडा धुऊन पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. कोडाचे डाग मात्र रंगानं काढू नका. फिक्या पॉपलीनचे तुकडे वेड्यावाकड्या कडांचे कापून आतून बारीक टाक्यांनी बसवा. त्या मुलीला विचारा तिच्या डागांचा आकार कसा आहे. मुलांना तो पाठ असतो. कुणी सांगतं हा डाग पपईच्या फोडीचा आहे, कुणी सांगतं हा नकाशा आहे.

आता गोष्टीचं कार्ड. इथं मी आग्रहानं सांगेन, कारण सगळं इथंच बिघडतं किंवा जमतं. कार्डावर त्या मुलानं काय सोसलं ते नको, ते मूल आत्ता कशाच्या मागं लागलंय ते हवं. तुमच्या मशीनवाल्या बाहुलीला रंकाळ्यावर पतंग उडवायचा असेल, तिची मांजर हरवली असेल, तिला शाळेच्या गॅदरिंगमध्ये लेझीम खेळायचं असेल. गोष्ट त्याची. मशीनचं जे सांगायचं ते कार्डाच्या मागच्या बाजूला, उत्सुक पोरांसाठी, सरळ माहिती म्हणून: याला बॅटरी लागते, अंघोळीच्या आणि झोपायच्या वेळी ते काढून ठेवतात, तिच्याशी बोलताना तिच्याकडं तोंड करून बोला, ओरडायची गरज नाही. दुसरीतल्या मुलांना एवढं पुरतं आणि ती ते लक्षात ठेवतात. मी माझ्या कार्डांवर हीच पद्धत ठेवली आहे.

ऊसतोडीच्या पोरांची बाहुली करताना फार जपून. पहिला विचार येतो तो विस्कटलेले केस, फाटका फ्रॉक, हातात कोयता, कडेवर भावंड. तसं करू नका. मी एका शिक्षिका मैत्रिणीबरोबर कोप्यांवर गेले होते, कागद-खडू घेऊन. पोरांना म्हटलं, स्वतःचं चित्र काढा. एकानंही कोयता काढला नाही. ट्रॅक्टर काढले. दोन ट्रॉल्या जोडलेले, मागं ऊस, पुढं लाइटच्या माळा, वर मोठाले स्पीकर आणि ट्रॉलीवर रंगवलेलं नाव. कारखान्याच्या रस्त्यानं रात्री गाणी वाजवत जाणारा ट्रॅक्टर त्यांनी बारकाईनं पाहिलेला असतो. एका मुलीनं चिखलाचा ट्रॅक्टर करून दाखवला, बाटलीच्या बुचांची चाकं, तारेचं स्टिअरिंग. तुमची बाहुली त्या ट्रॅक्टरची चालक करा. अंगात पुरुषी शर्ट फ्रॉकवर घातलेला, बाह्या दुमडलेल्या. तो तपशील खरा आहे, थंडीत फडावर मुली तसाच शर्ट घालतात. ज्या मुलीकडून हे घ्याल तिला पहिली बाहुली नेऊन द्या, आणि गुढीपाडव्याच्या आत द्या, कारण त्यानंतर त्या कोप्या तिथं नसतात.

नावं आणि फोटो टाकू नका. तुमचं मन बरोबर सांगतंय. आई आज हो म्हणते, पण ती मुलगी सोळा वर्षांची होईल तेव्हा तिला ते नको असू शकतं. बालगृहातल्या किंवा बालकल्याण समितीपुढं आलेल्या मुलांच्या बाबतीत तर नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाची बंदी आहे. बाहुलीला वेगळं नाव द्या. पण विकल्या गेलेल्या प्रत्येक बाहुलीमागं दहा रुपये तरी ती कल्पना देणाऱ्या मुलाच्या घरी जाऊ देत, वहीत लिहून. किंमतीत ते आधीच धरा.

विक्रीसाठी: २६ जूनला शाहू जयंती असते, सामाजिक न्याय दिन म्हणून. दसरा चौकात आणि शाहू स्मारक भवनात त्या दिवसांत माणसांची ये-जा असते. ज्या राजानं १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहं उघडली, त्याच्या जयंतीला या बाहुल्या मांडायला कोल्हापुरात कुणाची परवानगी मागावी लागली तर मला वाईट वाटेल. पण फक्त जागतिक दिव्यांग दिनाला, ३ डिसेंबरला, स्टॉल लावून थांबू नका. गणपतीच्या आधीचा शनिवार-रविवार धरा, दिवाळीचा पंधरवडा धरा. इतर खेळणी विकली जातात तेव्हाच याही विकल्या जायला हव्यात.

---

महाद्वार_काउंटर

कुंचलेवाल्या ताईंनी ७५० म्हटलं, मी आधी दचकलो. पण खणाचं परकर-पोलकं, हाताचं भरतकाम आणि कार्ड धरलं तर निघतात. फक्त त्याच जोडणीत एक छोटी, हातात मावेल अशी, ३५० च्या आतली ठेवा. मोठी बघून लहान नेणारं गिऱ्हाईक बरंच असतं. आणि ताई, सहा-सहाच्या दोन जोडण्या माझ्याकडं द्या. दर्शनी काचेत ठेवतो, पहिल्या दोन महिन्यांत मी पंचवीस टक्केच घेईन. माझ्या नातवाला जाड भिंगाचा चष्मा आहे. तसा एक बाहुला असेल तर तो मी विकत घेतो, आत्ताच सांगून ठेवतो.

---

गंगावेशीची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वही काढून लिहून घेतलंय.

ठरवलं ते असं. पहिली जोडणी सहाची: गुलाबी मशीनवाली, खुर्चीतला विकेटकीपर, कोडाचे डाग असलेली, ट्रॅक्टरवाली, जाड चष्म्याचा मुलगा, आणि एक चॉकलेटी रंगाची खणाच्या परकरातली, जिला दुसरं काहीच वेगळं नाही. ओठावर टाका असलेला बाहुला दुसऱ्या जोडणीत, कारण तो टाका माझ्या मनासारखा अजून उतरत नाहीये. दोरा जाड घेतला तर जखम वाटते आणि बारीक घेतला तर दिसत नाही. त्या आजींना परत बोलावलंय. किंमत ७५०, लहान ३५०, आणि दहा रुपयांची वही आजच उघडली. कारागीर कार्डाचा अर्ज भरल्याशिवाय एकही नग दुकानात देणार नाही. आमच्या गल्लीतल्या दोघी शिवायला तयार आहेत, त्यांचीही कागदपत्रं गोळा करते.

भाचीला कार्डाची गोष्ट विचारली. ती म्हणाली, बाहुलीला कुस्ती शिकायची आहे. मी विचारलं, तालमीत मशीन काढावं लागेल ना? तर म्हणाली, "मग वस्ताद हातानं खुणा करतील, त्यात काय?" कार्डावर तेच जाणार आहे.

उद्यमनगरकर दादा, खुर्चीच्या चाकांचं तुमच्याकडं उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणी करून देईल का? लाकडी हवीत, धातूची कड नको.

आणि कागलच्या ताई, खुर्ची करायच्या आधी तुमच्या लेकाला एकदा भेटायचंय. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा निवांत बसता येईल. दाराला एक पायरी आहे, तिथं फळी टाकून ठेवते.

---

उद्यमनगरकर

करून देतो. मागचं चाक सहा सेंटिमीटरचं धरू, पुढचं साडेतीनचं, म्हणजे दोन्ही त्या ३१.७ मिलिमीटरच्या नळीच्या वर राहतात. आस लाकडी, टोकं गोल घासून, चाक निसटू नये म्हणून आतून खीळ. रंग न देता नुसतं घासून गुळगुळीत करू. आधी एकच नमुना करतो, पोरगं ओढून बघू दे, मग पन्नास काढू.

---

कागलची_आई

येतो रविवारी अकरापर्यंत. फळी अडीच फूट तरी रुंद घ्या आणि जरा लांब असू दे, आखूड फळीचा चढ उभा होतो आणि मागून ढकलायला लागतं. त्याला ढकललेलं आवडत नाही. विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज तो बरोबर आणणार आहे, माप घ्यायला.